दर्याचे दप्तर

नागपुरातील झिरो माईलचा स्तंभ ठाऊक नाही असा नागपूरकर विरळा. परंतु त्या वालुकाश्माच्या स्तंभाशेजारी आणि उधळलेल्या चार घोड्यांच्या सान्निध्यात सर्व्हे खात्याने 1907 साली कायम केलेली उंचीची एक खूण आहे, आणि ती जागा समुद्रसपाटीपासून 1020 फुटांहून किंचित अधिक उंच असल्याचे त्या खात्याने नोंदवून ठेवले आहे, इकडे सहसा कोणाची दृष्टी जात नाही. ज्या शहरातून कोणत्याही दिशेने निघाले तरी शेकडो मैल ओलांडल्यावाचून खाऱ्या पाण्याचे दर्शन घडत नाही, त्या शहराच्या जमिनीची उंचीदेखील अखेर समुद्राला विचारूनच सांगावी लागते. समुद्र तर क्षणभरही एका पातळीवर राहत नाही. म्हणून मुंबईच्या अपोलो बंदरासह हिंदुस्थानच्या नऊ बंदरांत, विहिरीसारख्या उभ्या नळात पाण्याबरोबर वरखाली होणारा तरंगा, त्याच्या चढउतारासरशी हलणारी पेन्सिल आणि घड्याळाच्या चक्रांनी फिरणारे कागद गुंडाळलेले पिंप अशी सिद्धता करून, वर्षानुवर्षे, अहोरात्र, भरती-ओहोटीची रेघ उमटवून घेण्यात आली, आणि त्या असंख्य नोंदींच्या सरासरीतून ‘समुद्रसपाटी’ नावाची, डोळ्यांना कधीही न दिसणारी पातळी निश्चित झाली.

महासागरांच्या शोधाचा इतिहास आपण बहुधा धाडसाचा इतिहास म्हणून वाचतो. वास्को द गामा, कोलंबस, कुक ही नावे शाळेतच मुखोद्गत होतात, आणि फार तर होकायंत्राला त्या यशाचा एक वाटा देऊन आपण मोकळे होतो. परंतु त्या धाडसामागे उपकरणांची एक दीर्घ परंपरा उभी होती, आणि त्या उपकरणांच्याही मागे, कोणत्याही जमाबंदीच्या कचेरीत शोभावे असे, नोंदींचे एक प्रचंड दप्तर होते. या दप्तराची काही महत्त्वाची पाने आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर लिहिली गेली, काही आपल्याच माणसांनी लिहिली, आणि त्याच्याशी जोडलेल्या भूमापनाचे एक पान तर नागपूरच्या उंबरठ्यावर, हिंगणघाटास येऊन थांबले. म्हणून ती कथा नागपुरात बसून सांगण्यात अनुचित असे काही नाही.

कोकणच्या किनाऱ्याला समुद्राची ओळख युरोपियनांनी करून दिली, असे मानण्याचे कारण नाही. ख्रिस्ताच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिल्या गेलेल्या ‘पेरिप्लस’ या व्यापारी मार्गदर्शिकेत कल्याण, सोपारा व चौल ही बंदरे नमूद आहेत, आणि पठारावरील तेरचा माल गाड्यांतून भडोचकडे जात असल्याचाही उल्लेख आहे. त्या काळच्या नावाड्याचे पहिले साधन म्हणजे वारा. नैर्ऋत्येकडून येणारा आणि काही महिन्यांनी ईशान्येकडून परतणारा तो ऋतुवारा कोणत्या पंधरवड्यात गाठावा, हे ज्याला कळले त्याला अरबस्तान व आफ्रिका खुली झाली. दुसरे साधन म्हणजे स्वतःची इंद्रिये: पाण्याचा बदलता रंग, पक्ष्यांची दिशा, आणि हिंदुस्थानचा किनारा जवळ आल्याची वर्दी देणारे समुद्रसर्प, ज्यांचा निर्देश त्या ग्रीक लेखकानेही केला आहे. तिसरे साधन दोरीला बांधलेले शिशाचे वजन. त्याच्या तळाशी चरबी चोपडून ते सोडले की खोली तर कळतेच, पण चरबीला चिकटून आलेला चिखल, वाळू किंवा शिंपला पाहून अनुभवी तांडेल आपण कोणत्या खाडीच्या समोर आहोत हे अंधारातही सांगू शके. काथ्याने शिवलेली, खिळ्यांवाचून बांधलेली जहाजे आणि वाऱ्याच्या अंगाने फिरवता येणारे त्रिकोणी शीड यांची जोड मिळताच पश्चिम समुद्र ही एक वहिवाटीची पेठ होऊन गेली.

किनारा दिसेनासा झाला म्हणजे मात्र इंद्रिये अपुरी पडतात आणि आकाशाला विचारावे लागते. या कामी अरबी समुद्रातील मालिमांजवळ, म्हणजे वाट दाखविणाऱ्या नावाड्यांजवळ, ‘कमाल’ नावाचे जे साधन होते, त्याच्याइतके अल्पमोली आणि तरीही अचूक साधन मनुष्याने क्वचितच निर्माण केले असेल. लाकडाची एक लहान चौकोनी फळी, तिच्या मध्यातून ओवलेली एक दोरी आणि दोरीला ठराविक अंतरावर मारलेल्या गाठी, एवढाच त्याचा सरंजाम. मालिम दोरीची गाठ दातांत धरी, फळी समोर ताणी, आणि तिची खालची कड क्षितिजाला व वरची कड ध्रुवताऱ्याला लागेपर्यंत गाठी बदलीत जाई. जी गाठ जुळली ती ध्रुवाची उंची, आणि ध्रुवाची उंची म्हणजे सामान्यतः त्या स्थळाचे अक्षांश. माप बोटांत चाले. संपूर्ण वर्तुळाची 224 बोटे कल्पिली होती, म्हणजे एक बोट सुमारे दीड अंशाहून थोडे अधिक झाले. ज्या बंदरास जावयाचे त्याची गाठ ठाऊक असली, की ती गाठ जुळेपर्यंत उत्तरेस वा दक्षिणेस जावे आणि मग सरळ पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे सुकाणू धरावे, ही रीत. होकायंत्रही या समुद्रात अपरिचित नव्हते. 1282 साली बैलक अल्-किबजाकी या ग्रंथकाराने, हिंदी महासागरातील व्यापारी पाण्यावर तरंगणारा लोखंडी पोकळ मासा दिशा पाहण्यासाठी वापरतात, असे लिहून ठेवले आहे.

इ.स. 1498 च्या एप्रिलात वास्को द गामा आफ्रिकेच्या मालिंदी बंदरात पोचला, तेव्हा त्याला वाट दाखविण्यासाठी जो मालिम मिळाला त्याची हकीकत जुआंव द बारुश या पोर्तुगीज इतिहासकाराने दिली आहे. हा मालिम गुजरातचा असल्याचे तो सांगतो. त्याने हिंदुस्थानच्या किनाऱ्याचा आडव्या-उभ्या रेषांनी आखलेला नकाशा पुढे ठेवला. आणि गामाने मोठ्या अभिमानाने लाकडाचा व धातूचा ॲस्ट्रोलेब दाखविला, तेव्हा तो पाहून मालिम मुळीच चकित झाला नाही, उलट आपल्याकडील साधनांचे वर्णन त्याने शांतपणे ऐकवले. त्याच्या मार्गदर्शनाने 24 एप्रिलला निघालेली गलबते 18 मे रोजी मलबारच्या किनाऱ्यासमोर आली. परतीच्या वेळी गामाने ऋतूची पर्वा न करता ऑक्टोबरच्या आरंभी कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून शिडे उभारली, आणि तोच समुद्र ओलांडावयास त्याला 2 जानेवारी उजाडला. खलाशी स्कर्व्हीने पटापट मेले. जहाजे तीच, उपकरणे तीच, कप्तानही तोच. एका खेपेस 3 आठवडे व काही दिवस, दुसऱ्या खेपेस जवळजवळ 3 महिने. कोणते उपकरण कोणत्या ज्ञानाच्या आधाराने चालते याचा एवढा स्पष्ट निकाल इतिहासात क्वचितच लागला असेल.

मग पोर्तुगीजांचे वैशिष्ट्य कशात होते? त्यांनी ज्योतिष्यांचा नाजूक ॲस्ट्रोलेब घेऊन, त्यावरील नक्षी व नक्षत्रांची जाळी काढून टाकून, वाऱ्याने हेलकावू नये म्हणून त्याला आरपार कापून, जहाजावर चालेल असे ओबडधोबड, जड पितळी चक्र बनविले. ओमानच्या किनाऱ्याजवळ 1503 साली बुडालेल्या त्यांच्या ‘एश्मेराल्दा’ जहाजाच्या अवशेषांत या जातीचे एक आरंभीचे चक्र अलीकडे सापडले आहे, त्याचा व्यास जेमतेम 17.5 सेंटिमीटर आहे. विषुववृत्ताच्या दक्षिणेस ध्रुवतारा मावळतो, म्हणून मध्यान्हीच्या सूर्याची उंची मोजून अक्षांश काढण्याची पद्धत त्यांनी नावाड्यांना शिकविली, आणि त्यासाठी सूर्याची क्रांती दिवसवार देणारी कोष्टके पुरविली. अब्राहम झाकुतो या ज्यू ज्योतिष्याचे पंचांग 1496 साली लेइरिया येथे छापले गेले ते याच कामी आले. परंतु याहून मोठी तजवीज लिस्बनच्या ‘कासा दा इंदिया’ या सरकारी कचेरीच्या परिसरात झाली होती. तेथे एक प्रमाणभूत नकाशा ठेवलेला असे, निघणाऱ्या जहाजास त्याबरहुकूम नकाशा दिला जाई, आणि परतलेल्या नावाड्याने आपल्या नोंदी व दुरुस्त्या हजर कराव्यात अशी ताकीद असे. एका खेपेत कळलेली चूक पुढच्या खेपेच्या कागदावर सुधारली जाई, ही या व्यवस्थेची मेख होती.

या वृत्तीचा सर्वोत्कृष्ट नमुना आपल्याच किनाऱ्यावर पाहावयास मिळतो. दों जुआंव द कास्त्रू हा पुढे गोव्याचा गव्हर्नर व व्हाइसरॉय झाला, दीवच्या तटबंदीसाठी कर्ज काढताना त्याने आपल्या दाढीचे केस गहाण म्हणून गोव्यास पाठविले, ही आख्यायिका प्रसिद्धच आहे. परंतु 1538 मध्ये लिस्बनहून गोव्यास आणि तेथून त्या वर्षाच्या अखेरीस दीवला जात असताना त्याने लिहिलेली प्रवासाची टिपणे ही त्याची खरी कीर्ती होय. दाभोळ, चौल, मुंबई, वसई अशा एकेका बंदराच्या मुखाशी थांबून, त्याची खोली, खडक, उतार व नांगर टाकण्याची जागा यांची नोंद करून, बंदराची चित्रे त्याने काढविली. घारापुरी आणि कान्हेरी येथील लेण्यांचे वर्णनही त्याच भरात लिहिले. त्याच्याजवळ पेद्रू नुनिश या गणितज्ञाने योजलेले एक छायायंत्र होते. अंश आखलेली आडवी तबकडी, तिच्या मध्यावर उभा शंकू, आणि तबकडीतच बसविलेली चुंबकसूची, असे त्याचे स्वरूप. सकाळी सूर्य एका विशिष्ट उंचीवर असताना शंकूची सावली कोठे पडते ते टिपावयाचे, दुपारनंतर सूर्य पुन्हा त्याच उंचीवर येईल तेव्हाची सावली टिपावयाची, दोहोंच्या मध्यावरची रेषा ती खरी उत्तर-दक्षिण. आणि सूचीची उत्तर त्या रेषेपासून किती ढळली आहे, तो होकायंत्राचा दोष. असे चाळीसाहून अधिक वेध कास्त्रूने 1538 पासूनच्या 3 वर्षांत घेतले. जहाजावरील तोफ जवळ असली की सूची भरकटते, हे त्याने ओळखले. आणि वसईच्या परिसरात, समुद्र तोच व आकाश तेच असताना, थोड्याशा अंतरात सूचीचा कल बदलतो हे पाहून, त्याने त्याचे कारण आसपासच्या खडकांत शोधले.

कास्त्रूचा तर्क खरा होता. सह्याद्रीचा काळा पाषाण ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा असून त्यात चुंबकीय लोह आहे; आणि त्या पाषाणाचे थर कोकणच्या लाटांपासून निघून सबंध महाराष्ट्र व्यापीत पूर्वेस येतात आणि नागपूरच्या आसपास संपतात. सीताबर्डीची टेकडी, जिच्यावर 1817 साली भोसल्यांच्या आणि इंग्रजांच्या फौजा भिडल्या, ती याच काळ्या दगडाची. वसईच्या पाण्यात ज्या शिळेने युरोपातील एका विचक्षण सरदाराला कोड्यात टाकले, तिच्या गोत्रातील शिळेवर नागपूरचा किल्ला उभा आहे.

पोर्तुगीजांनी हे दप्तर गुप्त ठेवण्याची पराकाष्ठा केली. परंतु दप्तर म्हटले की कारकून आला, आणि कारकून आला की नक्कल आली. यान हाउखेन फान लिन्सखोतेन नावाचा एक डच तरुण 1583 साली गोव्याच्या आर्चबिशपच्या चाकरीत आला आणि सुमारे 5 वर्षे तेथे राहिला. त्याने हाती लागतील तितक्या वाटांची, वाऱ्यांची, बंदरांची व उथळ जागांची टिपणे गोळा केली, आणि मायदेशी गेल्यावर 1595-96 च्या सुमारास ती छापून टाकली. डचांचे पहिले जहाजी पथक 1595 मध्ये पूर्वेकडे निघाले तेव्हा ही माहिती त्यांच्या संगती होती. एका शतकाच्या मक्तेदारीला जे तोफांनी साधले नव्हते ते खिंडार एका कारकुनाच्या बोरूने पाडले, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

या पार्श्वभूमीवर मराठ्यांच्या आरमाराकडे पाहिले म्हणजे अभिमान आणि खंत या दोन्ही भावना एकदमच मनात येतात. शिवछत्रपतींनी कल्याण-भिवंडी हस्तगत होताच 1657 नंतर जहाजबांधणीस हात घातला, त्या कामी रुय लैतांव व्हिएगस हा पोर्तुगीज कारागीर आपल्या माणसांसह राबत होता, आणि पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी बोलावताच ही मंडळी निघून गेली तरी काम थांबले नाही. गुराबा, गलबते, शिबाडे, पाल, मचवे असा तांडा उभा राहिला; सिंधुदुर्ग, विजयदुर्ग व कुलाबा यांच्या आश्रयाने तो वाढला; आणि कान्होजी आंग्र्यांच्या काळात तर त्यांचे दस्तक घेतल्यावाचून कोकणपट्टीवर गलबत हाकारणे परकी सौदागरांस जड जाऊ लागले. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमाराला राज्याचे स्वतंत्र अंग मानून, जहाजे कोणत्या आकाराची असावीत, पावसाळ्यात त्यांची छावणी कोठे करावी, सौदागरांस कौल देऊन कसे सांभाळावे, इतकेच नव्हे तर जहाजासाठी लाकूड तोडताना रयतेच्या आंब्या-फणसांना हात लावू नये, येथवर तपशील दिला आहे. राज्यकर्त्याच्या दृष्टीने याहून प्रौढ विचार त्या काळी युरोपातही फारसा आढळणार नाही.

आणि तरीही, ज्या मराठी राज्याच्या कारकुनांनी गावोगावच्या जमिनीची बिघ्या-पांडाने मोजणी केली, देवस्थानच्या नंदादीपाच्या तेलाचा हिशेब वर्षानुवर्षे लिहिला, आणि ज्यांचे रुमाल आजही पुण्याच्या पेशवे दप्तरात संशोधकाची वाट पाहत आहेत, त्या राज्यात समुद्राची खोली, खडकांच्या जागा आणि होकायंत्राचा ढळ यांची मोजणी करणारे खाते नव्हते. ज्ञान नव्हते असे नव्हे. ते नाखव्यांच्या आणि तांडेलांच्या ठायी भरपूर होते, बापाकडून मुलाकडे जात होते. कच्छ-काठेवाडच्या मालिमांच्या घरी तर ताऱ्यांच्या व दिशांच्या पोथ्याही होत्या. परंतु पोथी घरात राहिली, मुखोद्गत विद्या मुखाबरोबर गेली, आणि एका तांडेलाची चूक दुसऱ्याच्या सावधगिरीत जमा होण्याची सोय कोठेच नव्हती. 1756 साली, पेशव्यांच्याच संमतीने, इंग्रजांनी विजयदुर्गावर तुळाजी आंग्र्यांचे आरमार जाळले तेव्हा केवळ लाकूड जळाले नाही. त्या जहाजांवर वाढलेल्या पिढ्यांची, कोठेही न लिहिलेली जाणही तेथून विखुरली.

इकडे युरोपात समुद्रविद्येचा सर्वांत अवघड प्रश्न अद्याप उभाच होता, तो म्हणजे रेखांशाचा. वेग मोजावयाचा तर गाठी मारलेली दोरी पाण्यात सोडून, 28 सेकंदांच्या वाळूच्या घड्याळात किती गाठी हातातून निसटल्या ते मोजावे, आणि त्यावरून अंदाजाने पूर्व-पश्चिम अंतर धरावे, याहून उत्तम उपाय नावाड्याजवळ नव्हता. या प्रश्नाचे स्वरूप नागपूरकराला सहज कळण्यासारखे आहे. पृथ्वी 4 मिनिटांत 1 अंश फिरते. नागपूर मुंबईच्या पूर्वेस सुमारे सव्वासहा अंश असल्यामुळे येथे सूर्य माथ्यावर येतो तेव्हा मुंबईत मध्यान्हीस अजून 25 मिनिटे अवकाश असतो. म्हणजेच, मुंबईच्या सूर्याशी लावलेले एक विश्वासू घड्याळ खिशात घालून निघालेला प्रवासी, वाटेत कोणी काही न सांगताही, मध्यान्हींमधील फरकावरून आपण किती पूर्वेस आलो हे सांगू शकेल. परंतु घड्याळात एका मिनिटाची चूक झाली तर आपल्या अक्षांशांवर स्थान सुमारे 26 किलोमीटरने चुकते, आणि रात्रीच्या वेळी खडकावर आपटण्यास याच्या शतांशाएवढी चूकही पुरे. महिनोन्महिने डोलणाऱ्या, कधी गोठणाऱ्या तर कधी तापणाऱ्या जहाजावर असे घड्याळ चालावे कसे? ब्रिटिश पार्लमेंटाने 1714 साली 20,000 पौंडांचे इनाम जाहीर केले. जॉन हॅरिसन या सुताराच्या मुलाने आयुष्य वेचून 1759 च्या सुमारास मोठ्या खिशातील घड्याळासारखे आपले चौथे यंत्र सिद्ध केले. आणि त्याची लार्कम केंडॉलने केलेली प्रतिकृती घेऊन कप्तान कुक 1772 ते 1775 दक्षिण समुद्र हिंडून आला. दुसऱ्या बाजूने, 1731 पासून हॅडलीच्या आरशांच्या यंत्राने, व पुढे सेक्स्टंटने, हलत्या जहाजावरून चंद्र व तारे यांमधील कोन मोजणे शक्य झाले, आणि त्या कोनावरून वेळ काढता यावी म्हणून 1767 सालापासूनचे इंग्रजांचे नाविक पंचांग दरसाल छापले जाऊ लागले.

घड्याळ आणि पंचांग हाती आले, तरी ज्या नकाशावर आपले स्थान टिपावयाचे तो नकाशाच खोटा असेल तर काय उपयोग? जेम्स हॉर्सबर्ग नावाच्या स्कॉटिश खलाशाला याचा प्रत्यय 1786 साली आला. सदोष नकाशांमुळे त्याचे ‘ॲटलास’ जहाज हिंदी महासागरातील दिएगो गार्सिया बेटावर फुटले. त्याने त्यानंतरचे आयुष्य प्रत्येक वाटेची शहानिशा करण्यात घालविले, पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा जलालेखक झाला, आणि त्याची नाविक मार्गदर्शिका पूर्वेकडच्या समुद्रात कित्येक दशके प्रमाण मानली गेली. मुंबईच्या कंपनी आरमारातील जॉन मॅक्लुअर याने अठराव्या शतकाच्या अखेरीस आपल्या पश्चिम किनाऱ्याची मोजणी केली ती याच हेतूने. ज्या खाड्यांतून आंग्र्यांची गलबते डोळे मिटून शिरत, त्या खाड्यांची खोली आता कागदावर, कोणाही परक्याला वाचता येईल अशी, उतरू लागली.

किनारा अचूक कागदावर उतरवावयाचा तर त्यालाही एक स्थिर खुंटी हवी, आणि ती जमिनीवरच मिळते. मद्रासची वेधशाळा कंपनीने 1792 साली बांधली ती ज्योतिष, भूगोल आणि नौकानयन या तिन्हींच्या उत्कर्षासाठी. आणि मद्रासमध्येच 1802 साली विल्यम लॅम्बटन याने पोलादी साखळीने पहिली आधाररेषा मोजून हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा प्रारंभ केला. त्याच्या अर्ध्या टन वजनाच्या थिओडोलाइटची कथा रम्य आहे: ते घेऊन येणारे जहाज फ्रेंचांनी पकडून मॉरिशसला नेले, आणि यंत्र कोणत्या कामाचे आहे हे कळताच तेथील फ्रेंच गव्हर्नरने ते सन्मानपूर्वक मद्रासला रवाना केले. मद्रासपासून मंगळूरपर्यंत त्रिकोणांची साखळी पोचली तेव्हा असे आढळले की, प्रचलित नकाशांत सुमारे 400 मैल रुंद दाखविलेले द्वीपकल्प प्रत्यक्षात सुमारे 360 मैलच रुंद आहे. म्हणजे नावाडी ज्याला किनारा समजत होते त्यात 40 मैलांची तफावत होती! लॅम्बटन त्यानंतर अखेरपर्यंत त्रिकोण जोडीत उत्तरेकडे सरकत राहिला. सर्वेक्षणाचे ठाणे नागपूरला हलविण्याच्या वाटेवर असताना 20 जानेवारी 1823 रोजी हिंगणघाटास त्याचा देह पडला, आणि तेथेच त्याची कबर आहे. समुद्रापासून इतक्या दूर, वऱ्हाडच्या कापसाच्या मुलखालगत, ज्याच्या मोजणीने दोन समुद्रांमधील अंतर सुधारले तो मनुष्य चिरनिद्रा घेत आहे, हे नागपूरकरांपैकी किती जणांस ठाऊक असेल?

लॅम्बटनच्या निधनानंतर तीन वर्षांनी, 1826 साली, मुंबईस कुलाब्याची वेधशाळा उभी राहिली. ज्योतिषवेध घेणे आणि अचूक वेळ राखणे हा तिचा मूळ हेतू होता. जहाजांच्या घड्याळांना त्या वेळेचा आधार. 1841 पासून एल्फिन्स्टन विद्यालयातील गणिताचा अध्यापक ऑर्लिबर याच्या देखरेखीखाली तेथे चुंबकीय व हवामानविषयक निरीक्षणे नियमाने होऊ लागली. कारण तीन शतकांपूर्वी कास्त्रूने वसईस जो प्रश्न विचारला होता, सूची किती ढळते, कोठे ढळते आणि केव्हा ढळते, तो आता लोखंडी जहाजांच्या युगात जगातील सर्व आरमारांचा प्रश्न झाला होता, आणि ठिकठिकाणच्या वेधशाळांनी एकाच वेळी नोंदी घ्याव्यात असा बेत युरोपच्या शास्त्रज्ञांनी आखला होता.

आणि येथे, प्रथमच, त्या दप्तरावर मराठी हात चालू लागतो. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर हे एल्फिन्स्टन विद्यालयात ऑर्लिबरचे सहकारी; त्यांनी काही काळ या वेधशाळेची व्यवस्था पाहिली. अलिबागजवळच्या नागावचे केरो लक्ष्मण ऊर्फ केरूनाना छत्रे अगदी तरुण वयात तेथे सहायक म्हणून दाखल झाले. दिवस असो की रात्र, ठरलेला समय होताच दुर्बिणीतून सूचीच्या आरशातील प्रतिबिंब पाहावे, अंक वाचावा, वायुभार व उष्णमान टिपावे, आणि वहीच्या त्या दिवसाच्या रकान्यात तो आकडा भरावा, हे काम बाहेरच्याला रुक्ष वाटेल. परंतु याच शिस्तीतून केरूनानांसारखा गणिती घडला. त्यांनी 1860 साली ‘ग्रहसाधनांची कोष्टके’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा जुन्या पंचांगातील ग्रहांची स्थाने आणि आकाशातील प्रत्यक्ष स्थाने यांत पडलेले अंतर कोष्टकांनी भरून काढण्याचा आग्रह त्यांनी धरला. आणि पाहिलेले व लिहिलेले जुळत नसेल तर लिहिलेले बदलावे, ही नावाड्यांच्या नकाशाची नीती मराठी पंचांगात त्यांनी आणली. दख्खन कॉलेजातील त्यांच्या शिष्यांत बाळ गंगाधर टिळक होते, एवढे सांगितले म्हणजे त्या परंपरेचा विस्तार ध्यानी येईल.

पुढे 1896 साली नानाभाई आर्देशीर फ्रामजी मूस हे कुलाबा वेधशाळेचे पहिले हिंदी संचालक झाले. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार आणि त्यांच्या प्रवाहाने सूची बिथरणार हे दिसताच त्यांनी चुंबकीय वेधांसाठी अलिबागची जागा निवडली. तेथील इमारतीस लोह अथवा चुंबकीय पाषाण लागू नये म्हणून काळा दगड टाळून पोरबंदरचा दगड आणविला, आणि 1904 ते 1906 अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेऊन मगच कुलाब्याचे काम बंद केले, जेणेकरून जुन्या व नव्या नोंदींचा सांधा तुटू नये. 1846 ते 1905 या साठ वर्षांचे वेध त्यांनी 1910 मध्ये छापून जगापुढे ठेवले. ज्या अलिबागच्या समुद्रावर आंग्र्यांच्या आरमाराची एकही खोलीची नोंद मागे राहिली नाही, त्याच अलिबागेत पृथ्वीच्या चुंबकत्वाचा रोजनामा आज शतकाहून अधिक काळ अखंड लिहिला जात आहे.

माझा निष्कर्ष असा की, महासागर मनुष्याला खुला झाला तो सूची, ॲस्ट्रोलेब, सेक्स्टंट व घड्याळ यांच्या योगाने खराच. परंतु यांपैकी बहुतेक साधने, किंवा त्यांच्या तोडीची साधने, आपल्या समुद्रावर होती वा सहज आणता येण्याजोगी होती. जे नव्हते ते एकाचा अनुभव दुसऱ्याच्या हवाली करणारे, चूक कबूल करून ती दुरुस्त करणारे दप्तर. जमिनीच्या बाबतीत जी दक्षता आपल्या पूर्वजांनी दाखविली ती दर्याच्या बाबतीत दाखविली असती, तर पश्चिम किनाऱ्याचा इतिहास निराळा झाला असता, एवढे म्हणण्यास हरकत नाही.

मालवण, रत्नागिरी, हर्णे, अलिबाग येथील वृद्ध नाखव्यांच्या जिभेवर वाऱ्यांची, भरतीची आणि तळाच्या खडकांची जी जाण अजून शिल्लक आहे, ती इंजिनाच्या होड्यांच्या दिवसांत वेगाने नाहीशी होत आहे. ती ऐकून, मराठीत, त्यांच्याच शब्दांत लिहून घेण्याचे काम विद्यापीठांनी आणि साहित्यसंस्थांनी हाती घ्यावे, आणि जे लिहिले जाईल ते तपासावयास त्या नाखव्यांच्याच पुढे पुन्हा ठेवावे, अशी माझी सर्व संबंधितांस विनंती आहे.